नायकाच्या आधी ओळखा: ‘द लायटनिंग थीफ’ कशी वाचावी

एखाद्या पुस्तकाचा फार गाजावाजा झाला की ते वाचण्याआधीच त्याच्याविषयी आपले मत तयार होऊ लागते, आणि मग आपण गोष्ट वाचत नाही, तर ‘यात एवढे आहे तरी काय’ हे तपासत पाने उलटत राहतो. रिक रायर्डन यांच्या ‘द लायटनिंग थीफ’ या बालकादंबरीच्या बाबतीत माझे नेमके असेच झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेली पर्सी जॅक्सन मालिकेतील ही पहिली कादंबरी मी दोन रात्रींत संपवली, ‘ठीक आहे’ असा शेरा मारला आणि कपाटात ठेवून दिली. पुढे काही वर्षांनी अकरा वर्षांच्या भाचीला ती रोज एक प्रकरण याप्रमाणे वाचून दाखवताना माझ्या लक्षात आले की, पहिल्या वेळी दोष पुस्तकाचा थोडा आणि माझ्या वाचण्याच्या रीतीचा जास्त होता. ही कादंबरी म्हणजे ओळखण्याचा खेळ आहे. समोर आलेला माणूस, दुकान किंवा प्राणी कोणत्या जुन्या ग्रीक कथेतून आला आहे, हे नायकाच्या आधी वाचकाने ओळखायचे असते. आणि हा खेळ खेळायचा तर हाताशी थोडी सामग्री व मनाशी थोडा धीर लागतो.

कथानक थोडक्यात सांगायचे तर, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाला कळते की ग्रीक देव आजही अस्तित्वात आहेत आणि आपल्या आईवडिलांपैकी एक जण देव आहे. देवांचा राजा झ्यूस याचे वज्र चोरीला गेले आहे, चोरीचा आळ या मुलावर आला आहे आणि उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत ते वज्र परत पोचले नाही तर देवादेवांत युद्ध पेटणार आहे. पुस्तक उघडण्यापूर्वी एवढे माहीत असणे पुरेसे आहे. मागच्या मुखपृष्ठावरील मजकूर आणि इतरांची परीक्षणे शेवटचे पान संपेपर्यंत बाजूला ठेवावीत, कारण नायकाचा देव-पिता कोण हा प्रश्नच पहिल्या तिसऱ्या हिश्श्याचा प्राण आहे आणि उत्साही वाचक नेमके तेच पहिल्या वाक्यात सांगून टाकतात.

ग्रीक कथांची तयारी मात्र आधी करावी, पण बेताने. संपूर्ण ग्रीक पुराणांचा जाडजूड ग्रंथ वाचून मग कादंबरीकडे वळणारा वाचक परीक्षेला बसल्यासारखा वाचतो. मला विचाराल तर पाच-सहा कथा पुरतात आणि त्यांतली एकच नीट, सावकाश समजून घ्यावी लागते. ती कथा म्हणजे क्रोनस आणि त्याच्या मुलांची. आपलेच मूल आपल्याला पदच्युत करील या भीतीने क्रोनस प्रत्येक अपत्य जन्मताच गिळून टाकत असे. सर्वांत धाकट्या झ्यूसला आई ऱ्हियाने लपवले आणि त्याच्या जागी कापडात गुंडाळलेला दगड नवऱ्याच्या हाती दिला. मोठा झाल्यावर झ्यूसने भावंडांची सुटका केली, सायक्लोप्स या एकाक्ष राक्षसांनी घडवून दिलेल्या वज्राच्या बळावर टायटन्सचा, म्हणजे क्रोनसच्या पिढीतल्या जुन्या देवांचा, पराभव केला आणि पुढे तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतले: झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि हेडीझला पाताळ. चोरीला गेलेल्या वज्राची किंमत काय, तीन भावांमध्ये एवढा संशय का आणि पराभूत पित्याचे पुढे काय झाले, हे तीन धागे कादंबरीभर फिरत राहतात. ज्याला वाटणीची ही गोष्ट ठाऊक नाही त्याला देवांचे भांडण पोरकट वाटते. ज्याला ठाऊक आहे त्याला ते घरातले जुने भांडण वाटते.

बाकीच्या कथा ओझरत्या माहीत असल्या तरी चालतात. केसांच्या जागी साप असलेली आणि नजरेने माणसाचा दगड करणारी मेड्यूसा व तिचा वध करणारा पर्सियस, चक्रव्यूहातला बैलमुखी मिनोटॉर, पाहुण्याला पलंगाच्या मापाचा करण्यासाठी ताणणारा किंवा कापणारा प्रोक्रस्टीझ, ज्यांचे फळ खाल्ल्यावर घरची आठवणच उरत नाही ते होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातील कमलभक्षक, आणि पाताळाच्या दारावर बसलेला तीन डोक्यांचा सर्बेरस. मुलांबरोबर वाचणार असाल तर या कथा आदल्या आठवड्यात गप्पांच्या ओघात सांगून टाकाव्यात आणि त्यांचा कादंबरीशी काही संबंध आहे हे अजिबात बोलू नये.

नावांची धास्ती घेऊ नये. हेडीझ, पर्सेफनी, डायोनायसस ही नावे पहिल्या दिवशी जिभेवर बसत नाहीत; आपल्याला जमेल तसा एक उच्चार ठरवावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. कायरॉन आणि कॅरन यांची मात्र गल्लत होऊ देऊ नये. पहिला वीरांना शिकवणारा अश्वमानव आहे आणि दुसरा मृतात्म्यांना नदीपार नेणारा नावाडी. कादंबरीतल्या नावाड्याला स्वतःलाच ही गल्लत भयंकर झोंबते, आणि तो प्रसंग मोठ्याने वाचताना दोन्ही उच्चार वेगळे करता आले नाहीत तर विनोद हातचा जातो.

आता वाचनाची गती. पुस्तकात २२ प्रकरणे आहेत आणि रोज एक वाचले तर तीन आठवडे पुरतात. प्रकरणांची शीर्षके खट्याळ आहेत आणि पुढे काय होणार ते अर्धवट फोडतात, म्हणून शीर्षक वाचून क्षणभर थांबावे, अंदाज बांधावा आणि मग पुढे जावे. प्रकरण चालू असताना फोनवर शोधाशोध करू नये. समोर काहीतरी विचित्र आले की समासात शिसपेन्सिलीने आपला तर्क लिहावा आणि मूळ कथा प्रकरण संपल्यावर शोधावी. हा नियम क्षुल्लक वाटेल, पण पुस्तकाची निम्मी गंमत त्यावर अवलंबून आहे.

उदाहरणादाखल एकच प्रसंग उघड करते. ज्यांना तोही नको असेल त्यांनी हा परिच्छेद वगळावा. अकराव्या प्रकरणात भुकेले, भिजलेले तिघे मित्र जंगलातून चालत बागेत ठेवण्याचे पुतळे विकणाऱ्या एका दुकानापाशी येतात. आतून बर्गरचा वास येत असतो. पायघोळ काळ्या वेशातली, चेहऱ्यावर जाळीदार पडदा घेतलेली मालकीण त्यांना मायेने आत बोलावते आणि पोटभर खाऊ घालते. आवारातल्या पुतळ्यांचे चेहरे घाबरलेले दिसतात, आणि चेहरा साधणेच सर्वांत कठीण असते, असे ती खंतावून सांगते. इतक्यात तिघांपैकी एकाला फुस्कारल्यासारखा आवाज येतो आणि बाई म्हणते की तो तळणीच्या तेलाचा असेल. मी पुढची ओळ वाचणार तोच भाचीने पानावर तळहात ठेवला. ‘‘थांब, मावशी. ते तेल नाही.’’ नायकाला हे कळायला अजून बराच अवकाश होता. तो खात होता, पेंगत होता, आणि त्याला ओरडून सावध करता येत नाही म्हणून भाची अंथरुणावर उठून बसली होती. मी एकटीने वाचताना हेच पान अर्ध्या मिनिटात ओलांडले होते, कारण मला सारे ठाऊक होते आणि लेखक ते लपवायचा प्रयत्न फारसा करत नाही, अशी माझी तक्रार होती. तो लपवत नाही हे खरेच आहे. वाचकाने नायकाच्या आधी पोचावे आणि तेथे घाबरत उभे राहावे, अशीच त्याने सोय केली आहे.

प्रौढ वाचकांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली अशी की, शाळेत न रमणारा मुलगा, त्याचे दोन जिवलग सोबती आणि अद्भुत शक्ती असलेल्या मुलांचे वसतिस्थान हे सारे दुसऱ्या एका गाजलेल्या मालिकेसारखे आहे. साम्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही; फक्त ते एकदा कबूल करून टाकावे आणि प्रत्येक पानावर मोजत बसू नये. दुसरी तक्रार मधल्या भागाविषयी असते: प्रवास, मुक्काम, राक्षस, सुटका आणि पुन्हा प्रवास. सलग वाचल्यास हा भाग खरोखर एकसुरी होतो. पण ‘ओडिसी’चीही रचना मुक्कामामागून मुक्काम अशीच आहे, आणि एका बैठकीत एकच मुक्काम वाचला की कंटाळ्याला वाव राहत नाही.

नायकाला डिस्लेक्सिया (अक्षरे वाचण्यातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) आहे, याकडे मुलांबरोबर वाचणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे. रायर्डन अनेक वर्षे शाळेत शिक्षक होते, आणि या दोन्ही अडचणी असलेल्या आपल्या मुलाला झोपताना ग्रीक कथा सांगता सांगता ही गोष्ट त्यांनी रचली. कादंबरीत अक्षरे नाचतात ती डोक्यात प्राचीन ग्रीक भाषा बसलेली असल्यामुळे, आणि एका जागी बसवत नाही ते रणांगणासाठी सज्ज असलेल्या अंगामुळे, असा खुलासा येतो. वाचनाशी झगडणाऱ्या मुलाला ही पाने स्वतः वाचू द्यावीत, मध्ये बोलू नये आणि तात्पर्य तर मुळीच सांगू नये.

पुस्तक संपल्यावर लेखकाने मूळ कथांत कोठे फेरफार केले ते शोधणे हा दुसरा, अधिक मोठ्यांचा खेळ आहे. बुद्धीची देवी अथीना ही ग्रीक परंपरेत चिरकुमारी. येथे तिला मुले आहेत. मेड्यूसा प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात गॉर्गन नावाच्या तिघी राक्षसी बहिणींपैकी एकटी मर्त्य आहे, तर काही शतकांनंतरच्या ओव्हिडच्या लॅटिन काव्यात ती मुळात सुंदर तरुणी असून देवीच्या मंदिरात समुद्रदेवाने तिच्यावर केलेल्या अत्याचाराची शिक्षा तिलाच भोगावी लागते. कादंबरीने ही बाजू पुष्कळच सौम्य केली आहे, याची पालकांना कल्पना असलेली बरी, कारण जिज्ञासू मूल मूळ कथा शोधणारच. १०२ मजल्यांच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर सहाशेवा मजला कल्पून तेथे देवांचे निवासस्थान ऑलिंपस वसवणे मला फार आवडले. परंतु देव नेहमी पाश्चिमात्य सत्तेच्या केंद्राबरोबर मुक्काम हलवतात, हे त्यामागचे स्पष्टीकरण जरा आत्मसंतुष्ट आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांशी यावर सुरेख वाद घालता येतो.

२०१० सालचा चित्रपट पुस्तकाच्या आधी पाहू नये. त्यात नायकाचे वय वाढवले आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाचा गोंधळ हाच ज्या निवेदनाचा सूर आहे ते त्यामुळे हरवते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली वेब मालिका पुस्तकाच्या अधिक जवळ आहे, पण तीही नंतरच पाहावी. मूळ मालिकेतील पाच कादंबऱ्या २००५ ते २००९ या काळात आल्या. त्या ओळीने फस्त न करता मध्ये महिनाभर जाऊ द्यावा आणि त्या महिन्यात पुढच्या भागाची सामग्री गोळा करावी. दुसऱ्या भागासाठी ‘ओडिसी’तील पॉलिफेमसच्या गुहेची कथा सांगून ठेवावी, आणि त्या महाकाव्याचा नायक ओडिसियस याने पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाला आपले नाव ‘कोणी नाही’ असे का सांगितले, हे मुलाकडून एकदा वदवून घ्यावे.