आवडती बंदिश शिळी होऊ न देता कशी ऐकावी

एखादी ध्वनिमुद्रित बंदिश, म्हणजे राग-तालात बांधलेली रचना, मनात भरली की आपण ती दिवसातून तीनतीनदा लावतो आणि महिन्याभरात तीच नकोशी होते. दोष बंदिशीचा नसतो. वारंवार भेटणारी गोष्ट निव्वळ ओळखीमुळे आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये मांडले. पुढे डॅनियल बर्लाइन यांनी दाखवले, की ही आवड काही मर्यादेपर्यंत चढते, मग उतरते, आणि रचना जितकी साधी तितका हा उतार लवकर लागतो.

म्हणून तीन मिनिटांचे सोप्या चालीचे गीत आठवड्यातून एकदोनदाच ऐकावे. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत विस्ताराने गायलेली बंदिश, मात्र लागोपाठ चार दिवस ऐकावाच, कारण पहिल्या दोन वेळा आपण त्यात फक्त वाट शोधत असतो.

दर वेळी लक्ष एकाच अंगावर ठेवावे. प्रथम तबल्याचा ठेका धरावा. एकतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजत मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचा तुकडा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो ते पाहावे. गायक तालाच्या दर आवर्तनात, म्हणजे फेरीत, नव्या वाटेने दूर जातो आणि त्याच मुखड्याने परततो, म्हणजे पुनरावृत्ती या गायकीच्या अंगातच आहे, आणि सम कुठे येणार हे ठाऊक असल्यामुळेच तिची ओढ लागते. आवडत्या संगीतातील उत्कट क्षणाची वाट पाहतानाही मेंदूत डोपामिन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवते, असे माँट्रियलच्या संशोधकांना २०११ मध्ये आढळले. समेवर सगळ्या मैफलीची मान एकदम हलते तेव्हा मला त्याची आठवण होते. दुसऱ्या दिवशी केवळ तानपुरा आणि साथीची सारंगी ऐकावी, तिसऱ्या दिवशी बोलांतील, म्हणजे शब्दांतील, अ-आ-ई या स्वरांचे उच्चार.

आलाप चालू असताना हात पुढे सरकवण्याकडे वळला, की ती बंदिश तीनचार आठवडे बाजूला ठेवावी आणि तोच राग दुसऱ्या घराण्याच्या गायकाकडून ऐकावा. आवडती बंदिश गजराला कधीही लावू नये. मी भूप रागातील एका बंदिशीबाबत ही चूक केली, आणि आज दोन वर्षांनीही तिचा पहिला स्वर कानी पडताच मला झोपमोडच आठवते.

विश्रांतीनंतर परतताना थेट आवडत्या जागेपासून सुरुवात करू नये. ती जागा आधीच्या वीस मिनिटांच्या बढतीने, म्हणजे रागाच्या क्रमाक्रमाने केलेल्या विस्ताराने, घडवलेली असते, म्हणून पहिल्या षड्जापासून ऐकावे.