जळगाव-धुळ्याच्या उन्हात स्टॅपेलिया

दक्षिण आफ्रिकेतून आलेली स्टॅपेलिया ही निवडुंगासारखी दिसणारी, रसाळ खोडाची वनस्पती उन्हाची सवय असलेली असली, तरी आपल्या खान्देशातलं एप्रिल-मेचं दुपारचं ऊन तिलाही सोसत नाही. तेव्हा गच्चीवर सिमेंटला टेकवून ठेवू नका. कुंडी तापून मुळं भाजतात. सकाळचं ऊन आणि दुपारी हिरव्या नेटची सावली, एवढं पुरे.

खरा शत्रू मात्र पाणी, आणि आपली काळी माती. कपाशीला ती सोनं, कुंडीत मात्र चिखल धरून बसते. निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, बाकी पोयटा आणि थोडं जुनं शेणखत असं मिश्रण करा. कुंडी उथळ, तळाला भोक मोठं. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. पावसाळ्यात पत्र्याखाली सरकवा, थंडीत पाणी जवळपास बंदच.

फांदी लावायची तर चार धारांची मखमली कांडी सांध्यावर तोडून आठवडाभर सावलीत सुकवा, जखम कोरडी झाली की लावा. सुकवली नाही तर हमखास सडते. मुळाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण: मुळं धुऊन माती बदला.

पावसाळा सरताना फुग्यासारख्या कळ्या येतात. स्टॅपेलिया जायगँटिया या जातीचं तारामाशासारखं फिकट पिवळं फूल वीतभर उमलतं, अंगावर तांबड्या रेघा. वास मात्र सडक्या मांसाचा! माश्यांकडून परागीभवन करून घ्यायची ही युक्ती. त्या फसून फुलावर अंडीही घालतात. म्हणून कळी फुगली की कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब न्या.