ऑक्टोबरात एकट्याने कर्नाळा, खास नवी मुंबईकरांसाठी

नेरूळ-खारघरवाल्यांनो, एकट्याने जंगलात चालायची हौस असेल तर सुरुवातीलाच लांब कुठे जाऊ नका, दसऱ्याच्या आसपास कर्नाळा करा, म्हणजे पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यातला किल्ला. पाऊस सरलेला असतो, झाडी गच्च असते, फक्त ऑक्टोबर हीट जीव काढते म्हणून सकाळीच निघायचं.

लोकलने पनवेल, तिथून पेण किंवा अलिबागकडची साधी एसटी, आणि कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की अभयारण्याच्या गेटला उतरायचंय. (वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा ह्याच किल्ल्याचे किल्लेदार होते.) गेटवर तिकीट, बॅगेतलं प्लास्टिक तपासलं तर कुरकुर करू नका.

आता मेन मुद्दा. एकटा माणूस चढताना सहसा चुकत नाही, उतरताना चुकतो. पावसाच्या पाण्याने उतारावर ज्या घळी पाडलेल्या असतात ना, त्या सुकल्या की वरून बघताना सेम पायवाट वाटतात, पाला बाजूला, माती मोकळी, आणि सोबत "अरे इकडून नाय" म्हणणारं कोणी नसतं त्यामुळे आपण आपल्याच तंद्रीत उतरत राहतो आणि पुढे एकदम कडा. म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघायचं, उतरताना ही जागा कशी दिसेल ते, आणि मोबाइलमध्ये फोटो काढायचा. कंटाळा येतो, तरी काढा.

दुसरी खूण कोळ्यांची. ह्या दिवसांत मोठाले काळे-पिवळे कोळी वाटेवर आडवी जाळी विणतात. तोंडासमोर एक अख्खं जाळं आलं, मग अजून एक, तर त्या वाटेने हल्ली कोणी गेलेलं नाही, गपचूप मागे फिरा. केसाळ शेंगा लटकताना दिसल्या तर ती खाजकुइरी, लांबूनच नमस्कार.

वरच्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे डिओ, सिगारेट, स्पीकर सगळं बाद. सुळक्यावर चढायचा मोह नको, ते दोरवाल्यांचं काम.

फुल पँट, ग्रिपवाले बूट, दोन लिटर पाणी. घरी परतायची वेळ सांगून ठेवा आणि वर पोचला नसलात तरी बाराला परत फिरा, किल्ला कुठे पळून जात नाही. हायवेवर सगळ्या एसटी थांबतातच असं नाही, त्यामुळे उजेड असतानाच खाली या.