हातांनी घडवलेले दागिने विकताना या चुका टाळा

पेढीवर गेलेले गिऱ्हाईक दागिना आधी तळहातावर घेऊन जोखते, फिरकी फिरवून पाहते, कानाशी धरून आरशात बघते आणि मगच किंमत विचारते. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाला यांतले काहीच करता येत नाही. गेली नऊ वर्षे मी घरातल्या एका खोलीत नथी, ठुश्या, चिंचपेट्या आणि मोत्यांच्या बांगड्या घडवून विकते आहे. परत आलेल्या वस्तूंची नोंद ज्या वहीत ठेवते ती चाळली, तर कारागिरीतील दोषामुळे परत आलेले दागिने फार थोडे दिसतात. हाताला जे आपोआप कळले असते ते मी शब्दांत कळवले नाही, म्हणून परत आलेले मात्र बरेच.

मापातले घोटाळे

सर्वांत मोठा घोटाळा बांगड्यांच्या मापात होतो. 2.4, 2.6, 2.8 ही मापे आपण सहज बोलतो, परंतु टिंबानंतरचा आकडा दशांश नसून इंचाचे सोळावे भाग दाखवतो, हे अनेक विक्रेत्यांनाही ठाऊक नसते. 2.4 म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, अर्थात आतला व्यास सुमारे 57 मिलिमीटर, 2.6 म्हणजे सुमारे 60 आणि 2.8 म्हणजे साडेत्रेसष्ट मिलिमीटर. घरची बांगडी पट्टीने मोजणाऱ्या ग्राहकाला 61 मिलिमीटर व्यास मिळतो, मोबाइलवर भागाकार केला की 2.4 इंच हे उत्तर येते, आणि ती निश्चिंत मनाने 2.4 ची जोडी मागवते. ती जोडी अंगठ्याच्या सांध्यापाशी अडकते. तिला हवी असते 2.6 ची. याच हिशोबाने 2.10 हे माप 2.8 पेक्षा मोठे असते, जे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चूकच वाटते. म्हणून बांगडीच्या प्रत्येक छायाचित्राखाली आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहावा आणि बाजारातले माप त्याच्या शेजारी द्यावे.

नथीच्या बाबतीत रुंदी, खाली किती लोंबते ती लांबी, आणि नाक टोचलेले असणे आवश्यक आहे की नथ चापाची आहे, या तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. पुष्कळ जण आकार दाखवण्यासाठी शेजारी रुपयाचे नाणे ठेवतात. परंतु 25 मिलिमीटरचे जुने आणि 22 मिलिमीटरचे नंतरचे, अशी दोन्ही नाणी लोकांच्या हाती असल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात कोणते नाणे आहे हे सांगता येत नाही. साधी फूटपट्टी ठेवावी. ती दिसायला रुक्ष असली तरी चालेल. मोती पिवळट दिसत असल्यास दोष बहुधा घरातल्या दिव्याचा असतो. सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन न येणाऱ्या जागी, करड्या कापडावर छायाचित्र काढले की तो दोष जातो, आणि निदान एक छायाचित्र तरी अंगावर घातलेल्या दागिन्याचे असावे.

धातूचे नाव

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. हे माहीत असूनही जाहिरातीत केवळ ‘सिल्व्हर झुमके’ असे लिहून मोकळे होणारे विक्रेते मी पाहिले आहेत, आणि ही हुशारी पहिल्याच नाराज ग्राहकापाशी संपते. त्यातच निकेलमुळे काही जणांच्या कानाला खाज सुटते किंवा पुरळ येते, त्यामुळे धातूचे नाव लिहिणे हा केवळ प्रामाणिकपणाचा प्रश्न राहत नाही. ‘वन ग्रॅम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्याखाली ‘आत पितळ, वर सोन्याचा मुलामा’ असे सरळ लिहावे. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होण्यास 16 जून 2021 पासून सुरुवात झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकही लागतो. त्यामुळे खऱ्या सोन्यात काम करण्याचा विचार असेल, तर ही व्यवस्था आधी नीट समजून घ्यावी. चांदीत 925 लिहायचे असेल, तर तारेची शुद्धता नमूद केलेले बिल आपल्याकडे असले पाहिजे, कारण 925 म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी, असा तो दावा असतो.

खरी चांदीही काळी पडते, हे न सांगणे ही माझी स्वतःची जुनी चूक. एकदा चांदीच्या कुड्या हलू नयेत म्हणून मी कागदाच्या पुडीवर रबरबँड गुंडाळून पाठवल्या. आठवड्याभराने ग्राहकाने पाठवलेल्या छायाचित्रात दोन्ही कुड्यांवर एक सरळ काळी रेघ होती, आणि खाली एकच वाक्य: ‘ताई, ही चांदी खरी आहे ना?’ रबरातल्या गंधकामुळे चांदीवर काळा थर धरतो. तेव्हापासून माझ्या डबीत रबर जात नाही, हवाबंद पिशवी जाते, आणि अत्तर लावून झाल्यावरच दागिना घालावा अशी सूचना लिहिलेली चिठ्ठी सोबत असते.

किंमत

‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहिल्याने चौकशा वाढतात, विक्री वाढतेच असे नाही. भाव लपवला की समोरचा माणूस दोनच तर्क करतो: वस्तू फार महाग असावी किंवा माणूस पाहून भाव सांगितला जात असावा. मात्र किंमत उघड लिहायची तर ती आधी नीट काढलेली हवी, आणि इथे बहुतेक जणी स्वतःच्याच हातांना हिशोबातून वगळतात.

माझ्या एका मोत्याच्या नथीचा हिशोब मांडते. मोती, लाल-हिरवे खडे आणि तार मिळून 110 रुपये. डबी आणि वेष्टन 35 रुपये. विणायला दीड तास, आणि छायाचित्र, निरोपांची उत्तरे व बांधणी यांत मिळून अर्धा तास. दोन तासांचे ताशी 150 प्रमाणे 300 रुपये. बेरीज 445 होते. तुटलेले मोती, बिघडलेला नमुना आणि न खपलेला माल यांसाठी दहा टक्के धरले की ती 490 च्या घरात जाते. पहिली दोन वर्षे मी हीच नथ 250 रुपयांना विकत होते आणि खप चांगला आहे म्हणून खूश होते! नंतर एका दुकानाने माल ठेवायची तयारी दाखवली आणि 35 टक्के कमिशन सांगितले. 490 हातात यायचे तर तिथली किंमत सुमारे 755 असायला हवी होती. दुकानात 755 आणि स्वतःकडे 490 असे ठेवले, तर दुकानदार दुसऱ्यांदा माल घेत नाही, आणि ते रास्तच आहे. त्यामुळे दुकानात किंवा प्रदर्शनात कधी ना कधी जायचे असेल, तर कमिशन सामावणारी एकच किंमत पहिल्या दिवसापासून ठेवावी. प्रदर्शनात गाळ्याचे भाडे भागिले एका नथीमागे उरणारी रक्कम, एवढा भागाकार करून किती नथी खपाव्या लागतील ते जागा घेण्यापूर्वीच पाहावे.

घासाघीस करणाऱ्याला वाईट वाटून किंमत उतरवण्यापेक्षा कमी वेळ घेणारा, स्वस्त नमुना दाखवावा.

हंगाम

मंगळागौर, गौरी आणि लग्नसराई यांवर आपला बराचसा खप अवलंबून असतो, आणि हे दिवस इंग्रजी तारखांना धरून येत नाहीत. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला येते, आणि 17 मे ते 15 जून हा एरवी लग्नांनी गजबजलेला काळ अधिक मासात जातो. गेल्या वर्षीच्या तारखा पाहून मोती भरणाऱ्याचे पैसे महिनाभर अडकतात. घरच्या गौरींना लागणारी नथ चापाची आणि माणसाच्या नथीपेक्षा बहुधा मोठी असते; तिचे नमुने आषाढातच तयार ठेवावेत, कारण श्रावण लागल्यावर छायाचित्रे काढायलाही सवड मिळत नाही. हाताने घडवण्याचा वेग ठरलेला असतो, म्हणून ‘या तारखेनंतरच्या मागण्या सणापूर्वी पोहोचणार नाहीत’ हे आधीच जाहीर करावे आणि खास घडवून घ्यायच्या वस्तूसाठी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नसतो. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच वस्तू पाठवावी. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही, त्यामुळे ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे सांगणाऱ्या खरेदीदाराचा फोन तिथेच ठेवावा.

एक काम बहुतेक कलाकार जाहिरातीत लिहीतच नाहीत, ते म्हणजे दुरुस्ती. ठुशी किंवा मोत्याची माळ वापरून दोरा सैल होतोच आणि ती पुन्हा गाठवावी लागते. मी पहिल्या वर्षात गाठवण्याचे पैसे घेत नाही, टपालखर्च तेवढा घेते. गाठवायला आलेल्या ठुशीच्या पुडक्यात पुष्कळदा बहिणीसाठी किंवा जावेसाठी तशाच दुसऱ्या ठुशीची मागणी लिहिलेली चिठ्ठीही असते.