खेळासाठीच्या संगणकाची घरच्या घरी साफसफाई : धूळ, उकाडा आणि पावसाळा

गेल्या मे महिन्यात माझ्या संगणकावरचा खेळ सुरू केल्यापासून वीसेक मिनिटांत अडखळू लागला. आधी फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे, पडायच्या, मग आवाज तुटायचा आणि शेवटी चित्र क्षणभर गोठून राहायचे. ग्राफिक्स कार्ड निकामी होत चालले आहे अशी माझी पक्की समजूत झाली आणि नव्या कार्डासाठी बाबांकडे पैसे कसे मागावेत याची मनात जुळवाजुळवही सुरू झाली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका दादाने एवढेच विचारले की, तापमान पाहिलेस का? पाहिले, तेव्हा प्रोसेसर ९० अंश सेल्सिअसवर टेकलेला होता. माझा प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० आहे आणि त्याची कमाल मर्यादाच ९० अंशांची आहे, त्यामुळे जळू नये म्हणून तो स्वतःहून आपला वेग कमी करत होता. नव्या कार्डाची गरज नव्हती, कॅबिनेट उघडून स्वच्छ करण्याची होती. माझ्या वयाच्या अनेक खेळाडूंचे याच कारणाने नुकसान होताना मी पाहतो, म्हणून हे काम कसे करावे ते सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मोजण्यापासून करावी. एचडब्ल्यूइन्फो किंवा एमएसआय आफ्टरबर्नर यांपैकी कोणतेही मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे आणि नेहमीचा खेळ अर्धा तास खेळून प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांचे सर्वाधिक तापमान, तसेच त्या वेळचे खोलीचे तापमान कागदावर लिहून ठेवावे. खोलीत ३६ अंश असतील तर खोली हिवाळ्यापेक्षा जितके अंश गरम, जवळजवळ तितकेच अंश आतले आकडेही वर जातात, त्यामुळे मे आणि जानेवारी यांची थेट तुलना करणे चुकीचे ठरते. आजचे बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान कुठेतरी वेग घटवतात. आपल्या प्रोसेसरची नेमकी मर्यादा उत्पादकाच्या संकेतस्थळावर दिलेली असते, ती आधी पाहून घ्यावी.

साहित्य फारसे लागत नाही. एक चांगला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ आणि कोरा ब्रश, सुती फडके, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर यांच्यामध्ये लावायच्या लेपाची) छोटी ट्यूब आणि शक्य असल्यास हातात धरायचा ब्लोअर एवढे पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते. इतरत्र संगणक दुरुस्तीच्या दुकानात पेस्ट मिळते आणि ब्लोअर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मात्र आत फिरवू नये, कारण त्याच्या प्लास्टिकच्या नळीच्या टोकाशी स्थिर विद्युत साठते आणि ती नाजूक भागांना मारक ठरू शकते.

संगणक बंद करून वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढावी, मग चालू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला बराचसा विद्युतभार निघून जातो. कॅबिनेट गॅलरीत किंवा गच्चीवर न्यावे, कारण निघणारी धूळ घरात उडाली तर तीच दोन दिवसांत परत आत जाऊन बसते. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा आणि काम चालू असताना अधूनमधून तो पुन्हा करत राहावा.

प्रथम पुढची व खालची जाळी काढावी. हवा पुढून आणि खालून आत येते व मागून आणि वरून बाहेर पडते, त्यामुळे सर्वात जास्त थर याच जाळ्यांवर असतो. माझ्या जाळीवर गोधडीच्या कापसासारखा राखाडी थर जमला होता. जाळी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. मग ब्लोअर कमी वेगावर ठेवून आतून बाहेरच्या दिशेने हवा मारावी आणि प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने घट्ट धरावे. मी पहिल्या वेळी पाते न धरताच हवा मारली, पंखा भिंगरीसारखा फिरला आणि तेव्हापासून तो घरघर करतो. ब्लोअर नसेल तर ब्रशने सावकाश झाडावे, वेळ जास्त लागतो पण काम होते. पंख्याच्या पात्यांवर तेलकट काळा थर असेल तर संगणक देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी आहे का ते पाहावे. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ धुळीला चिकट बनवते, आणि असा थर फडक्यावर थोडे अल्कोहोल घेऊनच निघतो.

ग्राफिक्स कार्ड काढायचे असल्यास मागचे स्क्रू व वीजजोडणी काढून स्लॉटच्या टोकाचा खटका दाबावा आणि मगच कार्ड सरळ वर ओढावे. रॅम किंवा कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर खोडरबर घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती पटत नाही, कारण रबराचे कण स्लॉटमध्ये जातात. अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने तेच काम अधिक स्वच्छ होते.

थर्मल पेस्ट बदलणे हा या कामातला सर्वात नाजूक भाग आहे, आणि ती लावून दोन-तीन वर्षे झालेली नसतील व तापमान साफसफाईनंतर उतरले असेल तर त्या वाटेला जाऊच नये. जायचे झाल्यास एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन प्रोसेसरला खाली नाजूक पिना असतात, आणि जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल तर कूलर ओढताच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर वर येऊ शकतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे खेळ चालवून पेस्ट मऊ करावी, संगणक बंद करून वायर काढावी, कूलरचे स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करावेत आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा. सरळ वर कधीही ओढू नये. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसून मधोमध वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवावा आणि कूलर त्याच तिरप्या क्रमाने आवळावा. शेवटी कूलरच्या पंख्याची वायर जोडली आहे याची दोनदा खात्री करावी.

वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विद्युतभार उरू शकतो. त्याची जाळी बाहेरूनच झाडावी. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. जुन्या वाड्यांत व चाळींत हे वारंवार आढळते, आणि तिसरी पिन तोडून प्लग बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वारंवार वीज जाणाऱ्या गावांत यूपीएस आवश्यक आहे, पण त्यावरचा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा म्हणजे वॉट नव्हेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. आरटीएक्स ३०६० कार्ड एकटे १७० वॉटपर्यंत घेते, त्यात प्रोसेसर, मॉनिटर व बाकीचे भाग मिळवले की खेळ चालू असताना भार ३०० वॉटच्या आसपास जातो. अशा यूपीएसवर वीज गेल्यावर खेळ संपवून संगणक बंद करण्यापुरतीच सवड मिळते, सामना पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये.

उकाड्याच्या दिवसांत आणखी एक सोपा उपाय आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम दाखवणारा, असताना कार्ड सेकंदाला दोनशे फ्रेम काढत असेल तर ती मेहनत केवळ उष्णता निर्माण करते. खेळाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा ७५ वर ठेवली की कार्ड थंड राहते, पंख्याचा आवाज घटतो आणि रात्री शेजारच्या खोलीतल्या माणसांची झोपही मोडत नाही.

कॅबिनेट जमिनीवर ठेवण्याऐवजी वीतभर उंच स्टुलावर ठेवावे, म्हणजे केर काढताना उडणारी धूळ थेट आत ओढली जात नाही, आणि मागे भिंतीपासून किमान अर्धा फूट मोकळी जागा सोडावी. कोकणात पावसाळ्यात दमट आणि खारी हवा धातूला गंज चढवते, म्हणून त्या महिन्यांत संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाताना सगळ्या वायरी काढून कॅबिनेट पूर्ण थंड झाल्यावर सुती चादरीने झाकावे, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडून राहतो. मागच्या मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्याही बसवून घ्याव्यात, त्या फटींतून पाली आणि मुंग्या आत शिरतात.

सगळे जोडून झाल्यावर तोच खेळ पुन्हा अर्धा तास खेळावा आणि तापमान पाहावे. माझा प्रोसेसर ९० वरून ७४ अंशांवर आला. तो आकडा, खोलीचे तापमान आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी मी कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला आतून चिकटवली आहे आणि पुढची साफसफाई दिवाळीच्या सुट्टीत ठरवली आहे.