एफटीसीची स्पर्धा वेळेवर कशी संपवायची: दोन सामन्यांमधल्या वेळेचं नियोजन

फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी, या रोबोट स्पर्धेत १२ ते १८ वर्षं वयाची मुलं खेळतात. फील्ड १२ बाय १२ फुटांचं असतं आणि त्यावर फोमच्या ३६ टाइल्स असतात. एका बाजूला दोन संघांची लाल युती, दुसऱ्या बाजूला दोन संघांची निळी. पहिले ३० सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, मग कंट्रोलर हातात घ्यायला ८ सेकंद, आणि त्यानंतर २ मिनिटं मुलं रोबोट चालवतात. थोडक्यात, सामना अडीच मिनिटांचा. तरीही ३०-४० संघांची स्पर्धा दोन-तीन तास उशिरा संपते, बक्षीस समारंभ रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो आणि बाहेरगावच्या संघांची परतीची गाडी चुकते. हा उशीर सामन्यांमध्ये होत नाही, दोन सामन्यांच्या मधे होतो. संयोजकांनी आपली माणसं आणि मेहनत तिथेच लावायला हवी.

आधी हिशोब कागदावर मांडा. एका सामन्यात चार संघ खेळतात, त्यामुळे सामन्यांची संख्या म्हणजे संघ गुणिले प्रत्येकी सामने, भागिले ४. ३६ संघांना प्रत्येकी ६ सामने द्यायचे तर ५४ सामने होतात. एका सामन्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ, म्हणजे सायकल टाइम, ७ मिनिटं ठेवता आला तर ३७८ मिनिटं लागतात. सकाळी ९.३० ला सुरुवात आणि जेवणाची ४५ मिनिटं धरली तर पात्रता फेरी ४.३० च्या सुमारास संपते. सायकल १० मिनिटांवर गेली की हीच फेरी सव्वासातला संपते, आणि युत्यांची निवड व बाद फेरी अजून व्हायचीच असते. त्यासाठी किमान दोन तास हातात हवेत.

एका दिवसाची स्पर्धा असेल तर प्रत्येकी ५ सामने जाहीर करा. सामने ४५ होतील. वेळापत्रक ८ मिनिटांच्या सायकलने छापा आणि फील्डवर ७ मिनिटांचं लक्ष्य ठेवा. ८ मिनिटांनीही फेरी सव्वाचारला संपते, ७ मिनिटं जमली तर साडेतीनला. सहाव्या सामन्याचं आश्वासन देऊन तो रद्द करण्यापेक्षा पाच सामने नीट खेळवणं मुलांना जास्त न्याय देतं. ज्या संघाने चार महिने रोबोट बांधला, त्याचा शेवटचा सामना संयोजकांच्या घाईत उरकला जाऊ नये.

संघांची संख्या नक्की झाल्याशिवाय सामन्यांचं वेळापत्रक सॉफ्टवेअरमधून काढू नका. रोबोटची तपासणी संपली, कोण आलं आणि कोण नाही हे कळलं, की मगच काढा. आदल्या रात्री छापलेल्या वेळापत्रकातला एक संघ आला नाही तर त्याच्या पाचही सामन्यांत कोणीतरी जोडीदाराविना खेळतं. गुणाकाराला ४ ने पूर्ण भाग जात नसेल तर काही संघांना एक जादा सामना खेळावा लागतो. उदाहरणार्थ ३५ संघ, प्रत्येकी ६ सामने: २१० जागा, म्हणजे ५३ सामने आणि दोन संघांना एकेक जादा. हा जादा सामना त्या संघांच्या क्रमवारीत धरला जात नाही. हे सकाळच्या ड्रायव्हर बैठकीत स्पष्ट सांगितलं नाही तर दुपारी त्याच दोन संघांचे पालक टेबलापाशी येतात.

क्यूची रचना

सायकल लांबण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे क्यूमध्ये, म्हणजे सामन्याआधी थांबायच्या रांगेत, वेळेवर न पोचलेला संघ. पिटमध्ये, म्हणजे प्रत्येक संघाच्या दुरुस्तीच्या जागेत, मुलं स्क्रू आवळत असतात, गोंगाटात माइकवरची घोषणा ऐकू येत नाही, आणि सामन्याची वेळ झाली की शोधाशोध सुरू होते. घोषणेवर विसंबू नका. क्यूसाठी तीन स्वयंसेवक द्या: एक क्यूच्या जागेवर कायम उभा, दोघे पिटमध्ये फिरते. तिघांकडेही छापील वेळापत्रक आणि पिटचा नकाशा हवा.

पद्धत अशी ठेवा. १२ वा सामना सुरू झाला की १५ व्या सामन्याचे चार संघ पिटमधून उठवायचे. ७ मिनिटांच्या सायकलमध्ये त्यांना २१ मिनिटं मिळतात. १४ व्या सामन्याचे संघ तोवर क्यूमध्ये आलेले असतात, आणि १३ व्याचे दुसऱ्या फील्डवर रोबोट ठेवत असतात. क्यूच्या जागी जमिनीवर टेपने चौकोन आखा, लाल दोन आणि निळे दोन, असे तीन संच. रिकामा चौकोन दिसला की कोण आलं नाही हे विचारावं लागत नाही.

वेळ भरल्यावर कोणासाठीही थांबू नका. संघाचा एकही सदस्य हजर नसेल तर तो गैरहजर धरला जातो आणि जोडीदार एकटा खेळतो. रोबोट बिघडला असला तरी एका मुलाने येऊन उभं राहावं, म्हणजे संघ हजर धरला जातो, हे मुलांना आवर्जून सांगा. अनेक नव्या संघांना हे ठाऊकच नसतं आणि ते पिटमध्ये दुरुस्ती करत बसतात.

दोन फील्ड्स हवीतच. एकाच फील्डवर रोबोट काढणं, गुण मोजणं, साहित्य पुन्हा मांडणं, नवे रोबोट ठेवणं हे सगळं एकामागून एक करावं लागतं आणि १० मिनिटं सहज जातात. दोन फील्ड्स असली तर एकावर सामना चालू असताना दुसऱ्यावर हीच कामं उरकतात. फेरमांडणीसाठी प्रत्येक फील्डला चार जण, प्रत्येकाचा कोपरा ठरलेला, आणि साहित्य कुठे किती ठेवायचं याचं लॅमिनेट केलेलं चित्र त्याच कोपऱ्यात चिकटवलेलं. पंचांनी मोजणी संपवून इशारा दिल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकायचं नाही. उत्साही स्वयंसेवकाने आधीच उचललेला एक चेंडू गुणांचा वाद उभा करतो, आणि त्या वादात पुढच्या तीन सामन्यांचा वेळ जातो.

वाद हाताळायची जागाही ठरलेली हवी. फील्डजवळ एक चौकोन आखा. त्यात फक्त संघाचा विद्यार्थी उभा राहील आणि मुख्य पंच सामन्यांच्या मधल्या वेळेत त्याच्याशी बोलतील. प्रशिक्षक किंवा पालक नाहीत, आणि मोबाइलवरचं चित्रीकरण पाहिलं जाणार नाही. दोन्ही गोष्टी नियमातच आहेत, पण स्पर्धेच्या दिवशी कोणीतरी ठामपणे सांगायला लागतं. मुख्य पंच बोलत असताना दुसऱ्या फील्डवरचा सामना थांबू नये, म्हणून सामना सुरू करू शकेल असा एक अनुभवी उपपंच ठेवा.

वीज

मंगल कार्यालय किंवा शाळेचं सभागृह घेतलं तर पिटची वीज हमखास जाते. प्रत्येक पिटमध्ये १२ व्होल्टच्या बॅटरीचे दोन चार्जर, दोन लॅपटॉप आणि एखादी सोल्डरिंग आयर्न असते. संघामागे ५०० वॉट धरा. ३६ संघांचे १८ किलोवॉट झाले. एका १६ अँपिअरच्या सर्किटवर सहापेक्षा जास्त संघ नकोत, आणि तिन्ही फेजवर भार सारखा वाटा. वायरमनला आदल्या दिवशी प्रत्यक्ष जागेवर बोलवा, फोनवर ठरवू नका.

एक गोष्ट पूर्ण बंद ठेवावी लागते: हॉट एअर गन. ती एकटी दीड ते दोन हजार वॉट खेचते आणि सहा संघांचा एमसीबी पाडते. ती फक्त मध्यवर्ती दुरुस्ती टेबलावर, वेगळ्या सर्किटवर ठेवा. ग्लू गन चालेल.

जनरेटर असला तरी वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंत काही सेकंद अंधार होतोच. स्कोअरिंगचा लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर आणि डिस्प्ले बंद पडतात आणि चालू सामना पुन्हा खेळवावा लागतो. स्कोअरिंग टेबल, राउटर आणि दोन्ही फील्ड्सचे डिस्प्ले यूपीएसवर घ्या. पंचांचे टॅबलेट बंद पडले तर गुण लिहायला छापील कागद आणि पेनं टेबलावर असू द्या.

वायफाय आणि फील्डवर थांबणारे रोबोट

प्रत्येक रोबोटचा कंट्रोल हब, म्हणजे रोबोटवरचा छोटा संगणक, स्वतःचं वायफाय नेटवर्क तयार करतो. सभागृहात अशी ३६ नेटवर्क्स, वर शेकडो मोबाइल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून सगळे हब ५ गिगाहर्ट्झवर घ्या, तपासणीच्या वेळीच प्रत्येक संघाला चॅनल नेमून द्या आणि तो रोबोटवर लेबलने लिहा. मोबाइल हॉटस्पॉट बंद ठेवायला सांगा, स्कोअरिंगचं नेटवर्क शक्य तिथे केबलने जोडा. पिटमध्ये प्रोग्रॅम टाकताना यूएसबी केबल वापरायला लावलं तर हवेतली गर्दी बरीच कमी होते.

रोबोट मधेच थांबला की मुलं वायफायला दोष देतात. बऱ्याचदा कारण वेगळं असतं: बॅटरी उतरलेली, पॉवरची पिन सैल, किंवा स्थिर विद्युत. फोमवर चाकं घासून रोबोटवर स्थिर विद्युत साठते आणि रोबोट धातूला टेकला की हबचा संपर्क तुटतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडची हवा कोरडी असते, तेव्हा हा त्रास वाढतो. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत तो कमी जाणवतो. टाइल्सवर आदल्या संध्याकाळी अँटिस्टॅटिक स्प्रे मारा आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा मारा, दोन्ही फील्ड्सवर सारखाच. थांबलेल्या रोबोटच्या संघाला फील्डच्या तांत्रिक सल्लागाराने ड्रायव्हर स्टेशनवरची, म्हणजे मुलं ज्यावरून रोबोट चालवतात त्या उपकरणावरची, त्या सामन्याची नोंद उघडून दाखवावी. व्होल्टेज कुठे पडलं हे तिथे दिसतं आणि मुलं पुढच्या सामन्याआधी योग्य गोष्ट दुरुस्त करतात.

तपासणी आणि मुलाखती आदल्या दिवशी

चार टेबलांवर २० मिनिटांप्रमाणे ३६ संघांची तपासणी ३ तास घेते. बक्षिसांसाठी संघांशी बोलणाऱ्या चार परीक्षक मंडळांना १० मिनिटांची मुलाखत आणि १० मिनिटं आपसातल्या चर्चेसाठी दिली तर तेही ३ तास. हे सगळं स्पर्धेच्या सकाळी बसवायला गेलात तर सामने १२ वाजता सुरू होतील. प्रत्येक संघाला येताक्षणी एक कार्ड द्या: तपासणीची वेळ, मुलाखतीची वेळ, दोन्हींमध्ये किमान अर्धा तास.

तपासणीत नापास होण्याची कारणं तीच तीच असतात: रोबोट सुरुवातीच्या १८ इंचांच्या घनात न मावणं, बॅटरी घट्ट न बांधलेली, कडा धारदार, संघाचा क्रमांक दिसत नाही, सॉफ्टवेअर जुनं. यादी दोन आठवडे आधी संघांना मराठीत पाठवा. सॉफ्टवेअरच्या फाइली पेन ड्राइव्हवर तयार ठेवा, कारण तीस संघ एकाच वेळी डाउनलोड करू लागले की सभागृहाचं इंटरनेट बसतं.

मुलाखतीच्या खोल्या फील्डपासून लांब, दार बंद होणाऱ्या हव्यात. मराठी माध्यमाच्या आणि जिल्हा परिषद शाळांमधली मुलं अटल टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे शाळेतल्या सरकारी योजनेच्या प्रयोगशाळेत, उत्तम काम करतात, पण इंग्रजीत बोलताना अडखळतात आणि परीक्षकांना त्यांचं काम अर्धंच कळतं. नोंदणीच्या फॉर्मवर मुलाखतीची भाषा विचारा आणि प्रत्येक मंडळात मराठी व हिंदी नीट समजणारा किमान एक परीक्षक बसवा. मुलं आपला गिअर रेशो कसा ठरवला हे स्वतःच्या भाषेत सांगतात तेव्हा काम त्यांचं की शिक्षकांचं हेही लगेच कळतं.

३६ संघ आणि दोन फील्ड्ससाठी ४० च्या आसपास स्वयंसेवक लागतात. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अनेक वर्षं राष्ट्रीय रोबोकॉन, म्हणजे अभियांत्रिकी कॉलेजांची रोबोट स्पर्धा, झाली. त्यात खेळलेले अभियंते आज शहरात नोकऱ्या करतात. पंच आणि तपासनीस म्हणून आधी त्यांना विचारा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेताना त्यांच्या सत्र परीक्षांच्या तारखा बघा. सगळ्यांना जेवण पाळीपाळीने, फील्डच्या सुट्टीआधी द्या, म्हणजे १.४५ ला सामना सुरू करायला माणसं जागेवर असतील.

सामने संपले की स्कोअरिंग सॉफ्टवेअरमधून प्रत्येक सामन्याची सुरुवातीची वेळ काढून घ्या आणि जिथे अंतर ९ मिनिटांपेक्षा जास्त आहे तिथे कारण लिहा: संघ आला नाही, गुणांचा वाद, वीज, संपर्क तुटला. हे त्याच संध्याकाळी, क्यूचे तिघे आणि मुख्य पंच घरी जायच्या आत करा. आठवड्याने कोणालाही आठवत नाही की २३ वा सामना का थांबला होता.