जुन्या किमोनोच्या कापडातून विकण्याजोगी पिशवी कशी शिवावी

किमोनो उसवायला घेतला की जपानी शिंप्याचा हिशेब दिसायला लागतो. ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचा, साधारण १२ मीटर लांबीचा एक तागा. त्याला तिकडे तान्मोनो म्हणतात. त्यातून सरळ कापलेले आठ तुकडे: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्या दोन, कॉलर आणि कॉलरवरची पट्टी. गोलाई कुठेच नाही, त्यामुळे चिंध्याही जवळजवळ निघत नाहीत. पूर्वी किमोनो धुवायचा तर पूर्ण उसवत, तुकडे टाके घालून पुन्हा ताग्यासारखे जोडत, धुऊन ताणून वाळवत आणि परत शिवत. तेव्हा उसवताना हात कचरायचे कारण नाही. मात्र जो किमोनो अजून धडपणे घालता येतो, तो कापू नका, घालणाऱ्याला विका. पुढचा भाग डागाळलेला, बाह्या विटलेल्या किंवा कोणालाही बसणार नाही इतका आखूड असेल, तोच शिवणकामाला घ्या.

खरेदी

क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिरात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगूत बाजार भरतो. नागोयाला ओसू काननच्या आवारात १८ आणि २८ तारखेला. तोक्योच्या सेतागायातला बोरोइची १५७८ पासूनचा. १५-१६ डिसेंबर आणि १५-१६ जानेवारी असे दोनदा दोन दिवस चालतो, आणि त्याचे नावच मुळी तिथे विकल्या जाणाऱ्या जुन्यापान्या कपड्यांवरून पडले आहे. निवडीला वाव हवा तर उजाडताच जा. भाव पाडून हवा तर दुकाने आवरायच्या वेळी.

ढिगातून उचललेला किमोनो आधी उजेडासमोर धरा. बारीक भोके आणि विरलेली जागा लगेच कळते. मग बसायची जागा आणि गुडघ्याचा भाग दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणा. चर्र आवाज आला की ठेवून द्या, ते रेशीम शिवणीवर टिकणार नाही. जुन्या काळ्या रेशमाबाबत तर हात जरा जास्तच आखडता ठेवा, कारण रंगातल्या लोखंडाने धागा आतून कुजलेला असतो. डांबरगोळ्यांचा वास वाऱ्यावर टाकला की जातो, बुरशीचा चिवट असतो. पन्हा मोजायला टेप जवळ हवीच; युद्धापूर्वीचे कापड बरेचदा ३४-३५ सेंटिमीटरच भरते.

रेशीम की पॉलिएस्टर असा संशय असेल तर घरी आल्यावर शिवणीच्या आतला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेयॉन कागदासारखा भुरकन जळतो.

पहिल्या पिशवीसाठी मी मेइसेन हे रेशमी कापड सुचवेन. धागे विणण्याआधीच रंगवलेले असल्याने दोन्ही बाजू सारख्याच उठावदार असतात, नक्षीच्या कडा किंचित विस्कटलेल्या दिसतात. इसेसाकी आणि चिचिबू ही त्याची नावाजलेली गावे. कुरुमेची निळी सुती कासुरी त्याहूनही सोपी: मशीनखाली सरकत नाही, धुवायला नाजूक नाही. इकतच ते, आपल्या डोळ्यांना लगेच ओळखीचे वाटते. चिरिमेन, म्हणजे सुरकुतल्या पोताचे रेशमी क्रेप, दिसायला लोभस, पण ते नंतर.

उसवणे आणि धुणे

शिवण बहुतेक हाताचा धावदोरा असतो, त्यामुळे काम भराभर होते. क्रम उलटा धरा: कॉलर, बाह्या, पुढच्या पट्ट्या, बगला, शेवटी पाठ. दर चार-पाच टाक्यांनी एक टाका कापा आणि दोरा उलट बाजूने ओढा. कापड धरून ओढलेत तर जुने रेशीम शिवणीलगत फाटते. सुटलेले दोरे वेचून काढा, नाहीतर इस्त्रीखाली त्यांचे वळ उठतात.

अस्तर लालभडक असेल तर ते आधी बाजूला करा. ते मोमी. त्याला परंपरेने हळदीचा पिवळा हात देऊन त्यावर करडईच्या फुलांचा लाल रंग चढवत. पाणी लागले की तो सुटतो आणि शेजारचे पांढरे कापड गुलाबी करून टाकतो. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दाबून पाहिल्याशिवाय कुठलाच तुकडा पाण्यात टाकू नका.

रंग पक्का ठरला की थंड पाण्यात सौम्य द्रव साबण घालून तुकडा बुडवा, हाताने दाबा. चोळायचे नाही, पिळायचेही नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळत घाला आणि अर्धवट ओले असतानाच उलट बाजूने मध्यम इस्त्री फिरवा. चिरिमेनचा बाणा जबरदस्त पीळ दिलेला असतो, म्हणून भिजल्यावर ते आटते आणि पन्हा डोळ्यांदेखत कमी होतो. धुण्याआधी घेतलेल्या मापावर कापड बेतायचे नाही ते यासाठीच.

आझुमा-बुकुरो

ही पिशवी एका आयतातून होते, लांबी रुंदीच्या तिप्पट. धुतल्यावर पन्हा ३५ भरला तर १०५ सेंटिमीटर, अधिक दोन्ही टोकांना दुमडायला दोन-दोन. अंगाचा तुकडा खांद्यावरून न कापता पुढून मागे जातो, मधोमध गळ्याची चीर असते. चिरीच्या दोन्ही बाजूंना एक-एक पिशवी बसते, म्हणजे डाग नसतील तर एका किमोनोतून चार.

कापड सुलट बाजू वर करून आडवे पसरा आणि खडूने तीन चौकोन आखा. दोन्ही आखूड टोके एकेक सेंटिमीटर दोनदा दुमडून शिवून घ्या. उजवा चौकोन मधल्यावर पालथा घाला आणि त्या दोघांची खालची कड शिवा. आता डावा चौकोनही मधल्यावर पालथा घाला आणि त्या दोघांची वरची कड शिवा. इथेच बहुतेकांची गफलत होते: उजवा चौकोन या शिवणीत अडकता कामा नये, तो आत दुमडून ठेवा. दोन्ही शिवणी मधल्या चौकोनाशीच होतात. कडा काठाच्या असल्याने धागे सुटत नाहीत, ओव्हरलॉकची गरज पडत नाही. पिशवी उलटवलीत की दोन टोके वर येतात, त्यांची गाठ हाच बंद. डबा आणि पाण्याची बाटली आरामात मावते.

मशीनला ९ नंबरची सुई आणि बारीक दोरा. कापड पातळ असेल तर अस्तर लावा. चिकटवायचे कॅनव्हास आझुमा-बुकुरोला नको, गाठ ताठ होते. उरलेल्या बाह्यांचे बटवे शिवा.

विक्री

मिन्ने आणि क्रीमा ही हस्तकलेची जपानी विक्रीस्थळे. क्योतोत दर १५ तारखेला चिओन-जी मंदिरातला हातबनावटीच्या वस्तूंचा बाजारही आहे. जुने किमोनो घेऊन तसेच विकण्याचा धंदा करणार असाल तर पोलीस ठाण्यातून कोबुत्सुशो, म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा परवाना काढावा लागतो, अर्जाची फी १९,००० येन. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर तिकडे राहणाऱ्यांनी पहिली पिशवी विकण्याआधीच इमिग्रेशनची परवानगी घ्यावी. आणि दिवाळीला भारतात माल नेऊन विकायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा: वापरलेल्या कपड्यांची व्यापारी आयात भारतात परवान्याशिवाय होत नाही.

किंमत लावताना उसवण्या-धुण्याचे तास धरा. शिवणकामाहून तेच जास्त निघतात. वर्णनात कापडाचे नाव खात्री असेल तेव्हाच लिहा, नुसते ‘जुने रेशीम’ चालते. डाग असेल तर त्याचा जवळून फोटो टाका, आणि ‘पाण्यात धुवू नये’ की ‘थंड पाण्यात हाताने धुवावे’ ते चिठ्ठीवर लिहून पिशवीतच घाला.